पतंगसाठी पुडिंग

४ मार्च, संध्याकाळ

ती. ताई,

नमस्कार. तुझं पत्र आणि त्यातली कृती, दोन्ही पोचलं. कानाला नवं यंत्र लावूनसुद्धा फोनवर माझं बोलणं तुला पिठाच्या गिरणीसारखं ऐकू येतं, तेव्हा आपली पत्रंच बरी. दाजींचे गुडघे आता कसे आहेत? त्यांना म्हणावं, जिना चढताना रागावू नका, जिन्याला काही वाटत नाही. मी ठीक आहे. वेळेवर जेवतो. झोप जरा कमी झालीये, पण ते उकाड्याने असेल.

कृती मागितली म्हणून तू घाबरलीस, असं लिहिलंस. ‘ज्याने आयुष्यात चहासुद्धा न उतू घालवता केला नाही, त्याला पुडिंग कशाला हवंय? कुणी बाई आहे का?’ ताई, पन्नाशीला टेकलेल्या माणसाची अशी थट्टा करू नये. बाई नाही, पतंग आहे.

पतंगबद्दल तुला मागे सांगितलं होतं. आमच्या पाट्यांच्या कारखान्यातला माझा जोडीदार. दुकानांवर मोठ्या पाट्या बसवायच्या असतात तेव्हा तो वर आणि मी खाली. वीस वर्षं हेच चालू आहे. सारखा हवेत असतो म्हणून त्याला सगळे पतंग म्हणतात. त्याची बायकोसुद्धा चारचौघांत चुकून म्हणून जाते आणि मग पदराआड हसते. तर तो गेल्या महिन्यात शिडीवरून पडला. चष्म्याच्या दुकानाची पाटी लावत होतो. पाय घसरला. आमच्या धंद्यात असं होतं. मनगट मोडलं आणि जबडा दोन ठिकाणी फुटला. डॉक्टरांनी वरचे आणि खालचे दात तारांनी एकत्र बांधून टाकलेत. तोंड उघडत नाही, चावायचा प्रश्नच नाही. जे काही घ्यायचं ते पातळ, दातांच्या फटीतून, स्ट्रॉने.

बिचाऱ्या वहिनी त्याला दोन्ही वेळा सूप देतात. सूप बघितलं की तो भिंतीकडे तोंड फिरवतो. तेव्हा मला तुझं पुडिंग आठवलं. माझे टॉन्सिल काढले होते तेव्हा तू करून द्यायचीस ते. स्वतः जेमतेम ओट्यापर्यंत पोचायचीस.

पहिल्या दिवशी मी कॉर्नफ्लोअर सरळ उकळत्या दुधात ओतलं. ताई, आमच्याकडे कागद डकवायला खळ करतात, अगदी तशी खळ झाली. पातेलं अजून भिजत पडलंय. दुसऱ्या दिवशी तुझं पत्र समोर ठेवून एकेक ओळ वाचत केलं. कॉर्नफ्लोअर आधी वाटीभर गार दुधात कालवलं, मग मंद आचेवर सारखं हलवत राहिलो. हात थांबवायचा नाही, हे तू खाली दोनदा रेघ मारून लिहिलंयस. थांबवला नाही. क्रीम आणि व्हॅनिला गॅस बंद केल्यावर. जमलं. इतकं जमलं की मी एकटाच स्वयंपाकघरात ‘वा’ म्हणालो.

पण स्ट्रॉमधून घट्ट पुडिंग कसं चढणार? मग मी डोकं लढवलं. गार झालेल्या पुडिंगमध्ये थोडं थोडं दूध घालून घुसळायचं, गाळणीतून दोनदा गाळायचं. एक गुठळी राहिली तरी ती स्ट्रॉत अडकते आणि पतंगचे डोळे पांढरे होतात. फार गार दिलं तर तारांमुळे दात ठणकतात, म्हणून फ्रिजमधून काढून थोडा वेळ ओट्यावर ठेवायचं. आणि स्टीलच्या पेल्यातून नाही, काचेच्या ग्लासातून द्यायचं. आपण काय पितोय ते माणसाला दिसलं पाहिजे. आजारी माणसाला सगळे झाकलेल्या भांड्यांतून काहीतरी पाजत असतात.

त्याची मुलगी सहा वर्षांची आहे, चिमणी. ती आधी चव घेते आणि दहापैकी गुण देते. काल सात दिले. ‘काका, गोड कमी आहे’ म्हणाली. तू लिहिलंच होतंस, गार झाल्यावर गोडी दबते म्हणून गरम असताना जरा जास्तच गोड लागायला हवं. पोरीला तुझी जीभ आहे.

पतंग बोलू शकत नाही म्हणून चिमणीची पाटी वापरतो. जन्मभर दुसऱ्यांच्या पाट्या लावल्या आणि आता स्वतः पाटीवर आला. पहिल्यांदा पुडिंग प्यायल्यावर त्याने लिहिलं, ‘अजून.’ वहिनी दाराशी उभ्या राहून रडायला लागल्या. मला म्हणाल्या, ‘भाऊजी, सख्खा भाऊ करणार नाही एवढं करताय तुम्ही.’ मी ग्लास धुवायला आत गेलो.

वर संत्र्याच्या सालीचा कीस भुरभुरवायला तू सांगितलंयस. ते केलं नाही. त्याला आंबट चालत नाही.

तू विचारशील, तो पडला तेव्हा मी कुठे होतो. खालीच होतो की. मला काही लागलं नाही, काळजी करू नकोस.

पुडिंग वेगवेगळ्या तऱ्हेने कसं देता येईल ते सविस्तर कळव. रोज एकच चव दिली तर याचंही सूप व्हायला वेळ लागणार नाही.

तुझा,
धाकटा

*

२९ मार्च

ती. ताई,

नमस्कार. दाजींनी काठी घ्यायचं कबूल केलं हे वाचून बरं वाटलं. काठी हातात आल्यावर ते तिने लोकांना दटावायला लागतील, तेवढं सांभाळ.

आमच्याकडची बातमी चांगली आहे. पतंगच्या तारा निघाल्या. तोंड अजून बोटभरच उघडतं, पण चमचा जातो. त्या दिवशी मी पुडिंग पहिल्यांदाच घट्ट ठेवलं. तू सांगितलंस तसं गरम असतानाच त्यावर कागद अगदी टेकवून ठेवला, त्यामुळे वर जाड साय धरली नाही. लहान वाट्या आधीच फ्रिजमध्ये गार करून ठेवल्या. पतंगने चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटून बसून राहिला. मग जड जिभेने म्हणाला, ‘अरे, हे खायचं असतं होय! मला वाटलं प्यायचं.’ एवढ्या आठवड्यांनी त्याचा आवाज ऐकला. चिमणी टाळ्या वाजवत घरभर फिरली.

तुझ्या पत्रातल्या एकेक सूचना मी संपवत चाललोय. पिकलेलं केळं कुस्करून तळाशी घातलं, त्याला नऊ गुण. कॉफीचं पुडिंग केलं, त्याला चिमणीकडून शून्य आणि पतंगकडून दहा. बिस्किटं कॉफीत भिजवून ग्लासात एक थर बिस्किटाचा, एक पुडिंगचा, असं केलं. ते रात्रभर ठेवलं तर बिस्किट इतकं मऊ होतं की जबड्याला काहीच काम पडत नाही. बदामाची पूड मात्र आयत्या वेळी घालायची, आधी घातली तर ओली होऊन वाळूसारखी लागते. आणि एकदम मोठी वाटी भरायची नाही. मोठी वाटी बघून आजारी माणूस आधीच दमतो. थोडं द्यावं, त्याने मागावं, मग पुन्हा थोडं. हे तू लिहिलेलं नाहीस, माझं मी शिकलो. आता आमच्या गल्लीतल्या दोन बायका मला वाटेत अडवून कृती विचारतात. मी थाटात सांगतो. तू ऐकलंस तर कान पकडशील.

मी हे सगळं फार लांबण लावून लिहितोय, हे मलाही कळतंय.

ताई, तू मागच्या पत्रात एकच ओळ वेगळी लिहिलीस. ‘खाली होतास म्हणतोस, मग तुझे हात कुठे होते?’ तुला आमच्या कामातलं काय कळतं असं म्हणून मी ते पत्र खिशात ठेवलं. हात शिडीवर होते. आणखी कुठे असणार?

दुसरी एक गोष्ट आहे. पतंगला पडतानाचं काही आठवत नाही. डोक्याला मार लागला होता ना. शिडी लावलेली आठवते, ड्रिल हातात घेतलेलं आठवतं आणि त्यानंतर एकदम दवाखान्याचं छत. बोलता यायच्या आधीपासून तो पाटीवर लिहून विचारायचा, ‘पाय कसा घसरला?’ मी म्हणायचो, ‘घसरला. कुणाचाही घसरतो.’ तो मान हलवायचा. ‘माझा नाही,’ असं लिहायचा, आणि पुसून टाकायचा.

आता बोलता येतंय तर दुसरं काही बोलतच नाही. परवा मी वाटी घेऊन गेलो तर पलंगाच्या कडेला बसून स्वतःच्या पायांकडे बघत होता. म्हणाला, ‘चक्कर आली असणार. मला कळली नाही आणि आली. म्हणजे पुन्हाही येईल.’ डॉक्टरांनी कानाच्या, डोक्याच्या तपासण्या केल्या. सगळ्या चांगल्या आल्या. त्याने तो आणखीनच घाबरला. म्हणतो, कारण सापडलं असतं तर औषध तरी घेतलं असतं.

चिमणी त्याला स्टुलावर चढू देत नाही. माळ्यावरचा डबा काढायला तो उठला तर तिने दोन्ही हातांनी त्याचा पाय धरला आणि ओरडायला लागली, ‘बाबा पडेल, बाबा पडेल!’ त्याने डबा राहू दिला. वहिनींनी शेजारच्यांना बोलावून काढून घेतला. ताई, हा माणूस चार मजल्यांवर उभा राहून शीळ घालायचा.

काल मालक त्याला बघायला आले होते. पतंगने त्यांना सांगितलं की मी कामावर येईन, पण वर चढणार नाही. मालक म्हणाले, ‘मग शिडी धर. हा चढेल.’ हा म्हणजे मी. पतंग माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, ‘बघ, तुझं नशीब उघडलं.’

मी पण हसलो. वाट्या घेतल्या आणि निघालो. वहिनी दारापर्यंत आल्या, म्हणाल्या, ‘तुम्ही होतात म्हणून आम्ही तरलो, भाऊजी.’

संत्र्याबद्दल पुन्हा लिहिलंयस. मऊ फोडी, बिया काढून, वरून. तेवढं सोडून बाकी सगळं करतो.

तुझा,
धाकटा

*

९ जून

ताई,

तुझी दोन पत्रं आली. मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या पत्रात तू कृती लिहिली नाहीस, दाजींचं लिहिलं नाहीस, फक्त ‘मी वाट बघतेय’ एवढंच लिहिलंस. मी ते पत्र टेबलावर उघडं ठेवून त्याच्यासमोर जेवायचो.

मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. हात शिडीवर नव्हते. मी संत्रं सोलत होतो.

एवढंच आहे ते. दुसरं कुठलं कारण असतं तर बरं झालं असतं, असं मला कित्येकदा वाटलं. कुणी हाक मारली असती, गाडी अंगावर आली असती. तसं काही नव्हतं. दुपार झाली होती, भूक लागली होती, खिशात संत्रं होतं. पाय खालच्या पायरीवर होता, तेवढा पुरेल असं वाटलं. साल तुटून तुटून येत होती म्हणून नखांनी सोलायला जरा वळलो, आणि वळताना पाय निघाला. शिडी भिंतीवरून सरकली. मी मान वर केली तेव्हा तो हवेत होता. सुरक्षेचा पट्टा त्याने बांधला नव्हता हे खरं आहे, तो कधीच बांधायचा नाही. पण तो माझ्या भरवशावर बांधायचा नाही.

लोक धावले. कुणीतरी विचारलं, काय झालं? माझ्या तोंडून निघालं, ‘पाय घसरला त्याचा.’ संत्रं मी खिशात टाकलं. दवाखान्यात बाकावर बसलो तेव्हा खिसा ओला लागला.

मग पुडिंग सुरू झालं. त्याला खरंच काही खाता येत नव्हतं, ते मला बघवत नव्हतं, हे खोटं नाही. पण तो ‘अजून’ म्हणायचा तेव्हा मला वाटायचं, आज सांगायची गरज नाही. वहिनींनी चांगलं म्हटलं की वाटायचं, उद्याही नाही. मी नवे नवे प्रकार करत गेलो. पुडिंग जितकं छान व्हायचं तितकं सांगणं अवघड व्हायचं.

मे महिन्यात तो कामावर आला. पहिले काही दिवस कारखान्यातच अक्षरं घासली. मग फुलांच्या दुकानाची पाटी आली. सकाळची वेळ, रस्त्यावर गर्दी नव्हती, दुकानदार बादल्यांमध्ये पाणी भरत होता. मी पट्टा बांधला आणि वर गेलो. मी काही चढणारा माणूस नाही, तुला माहीत आहे. दर पायरीला थांबत होतो. पण खालून पतंगचा आवाज येत होता, ‘डावा पाय आधी. हां. आता भिंतीकडे बघ, खाली नको. आहे मी.’

मी खाली बघितलं.

तो दोन्ही हातांनी शिडी धरून उभा होता. दोन्ही पाय रोवून, छातीसुद्धा शिडीला टेकवून. फुलांमुळे माश्या होत्या. एक माशी त्याच्या हनुवटीवर बसली, जिथे टाके पडलेत तिथेच. त्याने हात उचलला नाही. वाकड्या तोंडाने फुंकर मारत राहिला. ती उडायची आणि परत तिथेच बसायची. तो पुन्हा फुंकर मारायचा. शिडी केसभर हलली नाही.

मी दोन बोल्ट लावले. तिसरा हातातून पडला. पतंग म्हणाला, ‘राहू दे, दुसरा घे.’ बोल्ट त्याच्या पायाशी पडला होता, पण तो उचलायला वाकला नाही. मला वाटलं आता मीच पडणार. मी खाली उतरलो. तो म्हणाला, ‘घाबरलास होय? होतं असं. बस जरा.’

दुपारसाठी मी डबा आणला होता, केळ्याचं पुडिंग. फुटपाथच्या कडेला बसलो. त्याने डब्याचं झाकण काढलं, तेव्हा मी म्हणालो, ‘तुझा पाय घसरला नव्हता.’

‘मग?’

‘मी शिडी सोडली होती.’

त्याने झाकण खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं. संत्र्याचंही सांगितलं.  माझं संपल्यावर त्याने विचारलं, ‘चक्कर आली नव्हती?’

‘नाही.’

‘पाय नीट होता?’

‘दगडासारखा होता. तू तिसरा बोल्ट पिळत होतास.’

ताई, मला वाटलं होतं तो मारेल. मी तयार होतो. तो दोन्ही हातांत तोंड धरून रडायला लागला. दुकानदार बादली ठेवून बघायला लागला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो, तर तो एकदम सरकला, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते रडणं सुटल्याचं होतं. मला माफ केल्याचं नव्हतं. शर्टाच्या बाहीने तोंड पुसून तो म्हणाला, ‘किती दिवस मी माझे पाय दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे बघतोय. न्हाणीघरात भिंत धरून जातो. माझी पोर माझा पाय धरते. आणि तू समोर बसून चमचा देत होतास.’



डबा त्याने झाकण लावून माझ्याकडे सरकवला. ‘हे कुणासाठी करत होतास? माझ्यासाठी, का तुझ्यासाठी?’

मी म्हणालो, ‘आधी तुझ्यासाठी. नंतर मलाही कळेनासं झालं.’

‘मला कळत होतं,’ तो म्हणाला. ‘मला वाटत होतं माझ्यासाठी.’

आणि तो उठून चालत घरी गेला. शिडी, पाटी, सामान तिथेच. जाताना फुटपाथच्या कडेच्या दगडांवरून चालला, अगदी कडेने, एकामागे एक पाऊल टाकत. मुद्दाम चालला की सवयीने, माहीत नाही.

त्याच दिवशी मालकांना जाऊन सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, ‘पट्ट्याची चूक त्याची, बाकीची तुझी. आता तुझ्याकडे शिडी देणार नाही.’ मला आत अक्षरं कापायला बसवलंय. कारखान्यात कुणी वाईट बोलत नाही. मी गेलो की बोलणं जरा बदलतं, इतकंच.

वहिनींकडे मी दुसऱ्या दिवशी गेलो होतो. दार त्यांनीच उघडलं. माझे सगळे ग्लास, वाट्या, एक गाळणी, धुऊन पुसून एका पिशवीत घालून ठेवलं होतं. म्हणाल्या, ‘रोज माझ्या दारात यायचात. मी तुम्हाला काय काय बोलले, ते सगळं तुम्ही ऐकून घेतलंत. एकदा तरी खरं तोंडातून निघायचं होतं.’ मी मान खाली घातली. आतून चिमणी ‘काका आलाय का?’ म्हणून विचारत होती. वहिनी म्हणाल्या, ‘नाही,’ आणि दार लावलं. ताई, हे ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी काय घालवलंय.

पतंग आता पुन्हा वर चढतो. नवा जोडीदार मिळालाय त्याला, चांगला आडदांड आहे. पट्टाही बांधतो म्हणे. मागच्या आठवड्यात मी बसमधून उतरलो तर समोरच्या इमारतीवर तो होता, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, एक पाय शिडीवर आणि एक खिडकीच्या कठड्यावर. मी पलीकडच्या फुटपाथवर थांबलो. त्याने मला पाहिलं. हात केला नाही, मानही हलवली नाही. तोंड फिरवून ड्रिल चालू केलं. थोड्या वेळाने शीळ ऐकू आली. जबड्यामुळे सूर अजून नीट लागत नाही. मी तिथून निघालो.

हे पत्र मी तेव्हाच लिहिणार होतो, पण आज संध्याकाळी एक गोष्ट झाली, ती तुला सांगायलाच हवी.

दार वाजलं. वहिनी होत्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. ‘भाऊजी’ म्हणाल्या नाहीत. कशानेही हाक मारली नाही. म्हणाल्या, ‘पोरगी पुडिंग मागते. मी दोनदा केलं, तिला आवडत नाही. कसं करायचं ते सांगा. आणून द्यायचं नाही, फक्त सांगा.’

मी सांगितलं. कॉर्नफ्लोअर गार दुधात कालवा, मंद आच ठेवा, हात थांबवू नका, चिमूटभर मीठ, क्रीम शेवटी. त्या ऐकत होत्या, माझ्याकडे न बघता, दाराच्या कडीकडे बघत. मी म्हणालो, गरम असताना थोडं जास्त गोड लागू द्या, गार झालं की दबतं. वर कागद टेकवून ठेवा. वाट्या आधी गार करा. केळं तळाशी घाला, वर घातलं तर काळं पडतं.

‘आणखी काही?’ त्यांनी विचारलं.

मला खूप काही बोलायचं होतं. पण त्या पुडिंगचं विचारायला आल्या होत्या. मी म्हणालो, ‘एकदम जास्त वाढू नका. थोडं द्या, तिला मागू द्या.’

त्या निघाल्या. दोन पायऱ्या उतरल्या असतील, तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. मी विचारलं, ‘पतंग खाईल का?’

त्या थांबल्या, पण वळल्या नाहीत. ‘खाल्लं तर खाईल,’ म्हणाल्या. ‘तुम्हाला कळवणार नाही.’

ते बरोबरच आहे. मी दार लावून आत आलो आणि हे पत्र लिहायला बसलो.

तू जूनमध्ये महिनाभर राहायला ये म्हणाली होतीस. मालकांनी रजा द्यायचं कबूल केलंय. पण तू बोलावलंस तेव्हा तुला हे माहीत नव्हतं. म्हणून आधी नीट वाच, दाजींनाही वाचून दाखव, आणि मग पुन्हा सांग, येऊ का. नको म्हणालीस तरी मी समजेन. फक्त उत्तर पाठव, एका ओळीचं असलं तरी चालेल.

तुझाच, जसा आहे तसा,
धाकटा